नवाचा ताळा आणि २१४७४८३६४७

२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे हे मला कित्येक वर्षे माहीत होते. माहीत म्हणजे वाचलेले. मी प्रोग्रॅमिंग करते आणि आमच्या कामात ही संख्या सारखी भेटते. ३२ बिटांच्या पूर्णांकात एक बिट चिन्हासाठी राखला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १९७० च्या सुरुवातीपासून सेकंद मोजत आलेल्या जुन्या प्रणाली १९ जानेवारी २०३८ रोजी याच आकड्यावर येऊन अडणार आहेत. पण तिथे ती नुसती मर्यादा म्हणून उभी असते, तिच्या मूळपणाचा तिथे काही संबंध नसतो. बायनरीत लिहिली तर ओळीने एकतीस एक, मध्ये एकही शून्य नाही. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते.

ती मूळ आहे हे आपल्याला स्वतःला, वहीत, हाताने पडताळता येईल का, हा विचार एकदा डोक्यात आला आणि गेलाच नाही. कॅल्क्युलेटर नाही, प्रोग्रॅम नाही. संगणक हे उत्तर क्षणात देतो हे मला पुरते ठाऊक होते. मला ती वाट चालून पाहायची होती.

सुरुवात अठराव्या शतकातला गणिती ऑयलर याच्या वाटेने केली. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ विभाजक तिच्या वर्गमूळाच्या आत सापडायलाच हवा. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० होतो आणि ४६३४१ चा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या, आणि त्या भरतात चार हजारांच्या वर. पण सगळ्या तपासायची गरज नाही. समजा एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग तिच्यापुरता, म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाक्यांपुरते पाहिले तर, २ चा ३१ वा घात म्हणजे १. यातून फर्माच्या प्रमेयाने निघते की त्या विभाजकाला ६२ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. शिवाय ३१ वा घात १, तर ३२ वा घात २, आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा, ६५५३६ चा, वर्ग. म्हणजे त्या विभाजकाच्या जगात २ ही पूर्ण वर्ग संख्या ठरते, आणि हे फक्त अशाच मूळ संख्यांच्या बाबतीत घडते ज्यांना ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. ४६३४० च्या आत त्या पावणेचारशेही नाहीत, आणि त्यांतल्याही बऱ्याच संयुक्त असल्यामुळे गळतात.

ऑयलरने १७७२ मध्ये बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचे कळवले. तेव्हा तो पासष्टीत होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पुढे १८६७ पर्यंत माहीत असलेल्या मूळ संख्यांमध्ये हीच सर्वांत मोठी होती. तिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते अशी संख्या. १८११ मध्ये पीटर बार्लोने लिहून ठेवले होते की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण अशा संख्यांचा काही उपयोग नसल्यामुळे कोणी शोधायलाच जाणार नाही. मला मात्र ऑयलरचे ते पत्र वाचून उलटे वाटते. उपयोग नसतानाही माणूस हे शोधायला जातोच.

माझ्या यादीतली पहिली मूळ संख्या होती ३११. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. गेली. पुढची, मग त्याच्या पुढची. चाळीसएक भागाकार झाल्यावर मी हात थांबवला. कंटाळा हे कारण नव्हते. मला या पद्धतीत एक मोठी उणीव दिसू लागली होती. प्रत्येक भागाकार एवढेच सांगतो की हा विभाजक नाही. त्यात मी हातचा विसरले आणि बाकी चुकून भलतीच आली, तर ती चुकीची बाकी बरोबर बाकीसारखीच दिसते. एकही चूक स्वतःहून वर येत नाही. सगळी यादी संपली तरी माझ्या हाती ‘काही सापडले नाही’ एवढेच असणार होते, आणि सापडले नाही ते नव्हते म्हणून की माझ्या नजरेतून सुटले म्हणून, हे सांगता आले नसते. ऑयलरचा हात पक्का होता. मला माझ्या हातावर तेवढा भरवसा ठेवता येईना.

म्हणून दुसरी वाट धरली. एद्वार ल्युकाने १८७६ च्या सुमारास शोधलेली आणि डेरिक लेमरने १९३० मध्ये आजच्या रूपाला आणलेली. ती मांडायला दोन ओळी पुरतात. ४ घ्या. त्याचा वर्ग करा, २ वजा करा, आणि ज्या संख्येची परीक्षा चालू आहे तिने भागून बाकी घ्या. आलेल्या बाकीवर पुन्हा तेच. घात ३१ असेल तर हे २९ वेळा करायचे. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, दुसरे काहीही आले तर संयुक्त. एकदाही कोणत्या विभाजकाने भागून पाहायचे नाही.

आधी लहान संख्यांवर हात बसवला. १२७ म्हणजे २ चा ७ वा घात उणे १. तिथे पाचच पायऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मग मुद्दाम २०४७ घेतली, ११ व्या घाताची. घात मूळ असला म्हणजे संख्याही मूळच असते असे नाही, आणि त्याचे हे पहिले उदाहरण, कारण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तिथे क्रम असा आला: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी १७३६, शून्य नाही. संख्या संयुक्त ठरली, पण त्या १७३६ मध्ये २३ चा किंवा ८९ चा मागमूससुद्धा नाही. ल्युकाने १८७६ मध्ये असेच दाखवून दिले होते की ६७ व्या घाताची संख्या, जी मर्सेनने १६४४ च्या आपल्या यादीत मूळ म्हणून घातली होती, ती मूळ नाही. तिचे विभाजक मात्र फ्रँक नेल्सन कोलला १९०३ मध्ये सापडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. एखादी संख्या फुटते हे पक्के ठाऊक आणि ती कुठे फुटते हे सत्तावीस वर्षे कोणालाही ठाऊक नाही. मला ही गोष्ट ज्ञानाच्या इतिहासातली फार विलक्षण गोष्ट वाटते.

आता खरे काम. पहिल्या चार पायऱ्यांत भागाकाराची वेळच येत नाही: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. हा शेवटचा आकडा आपल्या संख्येच्या आतच आहे. पाचवी पायरी म्हणजे या दहा आकडी संख्येचा वर्ग. हजाराच्या जागी तोडून, १४१६३१७ आणि ९५४ असे दोन तुकडे करून तो केला. वर्गातून २ वजा केल्यावर आले २००५९५६५४६८२२७४६११४. आता याला २१४७४८३६४७ ने भागायचे.

इथे मर्सेनच्या संख्यांची, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांची, खुबी कामाला येते. २१४७४८३६४७ ने भागण्याऐवजी मी २१४७४८३६४८ ने, म्हणजे २ च्या ३१ व्या घाताने, भागले. भागाकार आला ९३४०९६३०७ आणि बाकी १८८३०५८१७८. दोन्हींची बेरीज २८१७१५४४८५. ती आपल्या संख्येहून मोठी, म्हणून तिच्यातून २१४७४८३६४७ वजा केले: ६६९६७०८३८. हीच पाचव्या पायरीची बाकी.

बेरीज करून बाकी का मिळते? तो भागाकार म्हणजे २१४७४८३६४८ चे ९३४०९६३०७ गठ्ठे. आपल्या संख्येने मोजायला गेले तर प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक उरतो. ते सगळे एक मिळून भागाकाराएवढेच होतात, आणि ते बाकीत टाकायचे. हे वहीत लिहीत असताना माझा हात थांबला, कारण हे मी कितीतरी आधीपासून करत आले होते. शाळेत नवाचा ताळा शिकवतात तो हाच. १० ला ९ ने भागून १ उरतो, १०० ला भागूनही १ च उरतो, म्हणून संख्येच्या अंकांची बेरीज केली की ९ ची बाकी मिळते. दहाच्या पद्धतीत सर्वांत मोठा अंक नऊ. २१४७४८३६४८ हा पाया धरून संख्या लिहिल्या तर त्या पद्धतीत सर्वांत मोठा ‘अंक’ २१४७४८३६४७. म्हणजे ही संख्या त्या पद्धतीतला नऊ आहे. मी जो प्रचंड भागाकार करायला बसले होते तो दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज होती, फक्त अंक दहा-दहा आकड्यांचे होते.

गणित तपासण्यासाठी मी वापरत होते तोही नवाचाच ताळा. वरच्या पायरीत वर्ग उणे २ या संख्येच्या अंकांची बेरीज ७७, म्हणजे ५. भागाकाराचा ताळा ५, बाकीचा ४. २१४७४८३६४८ चा स्वतःचा ताळा २, म्हणून भागाकाराचा ताळा दुप्पट करायचा आणि त्यात बाकीचा मिळवायचा: १० आणि ४, चौदा, म्हणजे ५. जुळला. लहान ताळा मोठ्या ताळ्यावर पहारा देत होता.

वहीच्या शेवटच्या पानावर २१४७४८३६४८ चा पाढा लिहून ठेवला, एकपासून नऊपर्यंत. त्यामुळे भागाकारात गुणाकार उरलाच नाही, फक्त वजाबाक्या. बाकी निम्म्याहून बरीच मोठी आली तर तिला संख्येतून वजा करून छोटे रूप वर्गाला घ्यायचे, कारण ऋण संख्येचा वर्गही तोच. सहाव्या पायरीला १९३७२५९४१९ आली होती. तिच्याऐवजी २१०२२४२२८ चा वर्ग केला, एक आकडा वाचला. एका पायरीला सुरुवातीला तास लागे, नंतर चाळीस मिनिटांवर आले. दिवसाला एक, कधी दोन. चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अंक. हातचे लाल पेनने.

शेवट जवळ आला तेव्हा काय पाहायचे ते मला आधीच ठाऊक होते. एकोणतिसाव्या पायरीला शून्य यायचे असेल तर अठ्ठाविसाव्या बाकीचा वर्ग २ असला पाहिजे. आणि या संख्येच्या जगात २ चे वर्गमूळ कोणते? तेच, ऑयलरच्या वाटेवर भेटलेले ६५५३६, नाहीतर त्याचे ऋण रूप २१४७४१८१११. दोनच शक्यता. अठ्ठाविसावी पायरी पुरी झाली आणि त्या दोन्हींपैकी काहीच आले नाही. कसलीतरी ओळख न देणारी दहा आकडी संख्या.

ती रात्र मला चांगली आठवते. संख्या मूळ आहे याबद्दल शंका नव्हती, म्हणजे चूक माझी. पण प्रत्येक पायरीखाली ताळा लिहिलेला होता आणि प्रत्येक ताळा जुळलेला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून वही उघडली. गणितात चूक नव्हती. चूक पान उलटताना झाली होती. सातव्या पायरीची बाकी ४२५४१३६०२. पुढच्या पानावर ती मी ४२५४३१६०२ अशी उतरवली होती. एक आणि तीन यांची अदलाबदल. अंक तेच, म्हणून बेरीज तीच, म्हणून नवाच्या ताळ्याला काही दिसले नाही. त्यानंतरच्या एकवीस पायऱ्या वर्गांपासून बाक्यांपर्यंत नेटक्या, आणि सगळ्या वाया.

वाईट वाटले, खरेच वाटले. पण त्यातच या पद्धतीवरचा विश्वास बसला. भागून पाहण्याच्या यादीत अशी चूक आयुष्यभर लपून राहिली असती. इथे दोन अंकांची जागा बदलली आणि शून्य यायचे नाकारले. आधीच्या एका पायरीतला दोष पुढच्या प्रत्येक वर्गाने वाढवत नेला आणि शेवटी तो माझ्यासमोर ठेवला.

दुसऱ्या वेळी सोबत अकराचाही ताळा घेतला. त्यात उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असे एकाआड एक. शेजारच्या अंकांची अदलाबदल त्यातून सुटत नाही: ४२५४१३६०२ चा अकराचा ताळा ९ येतो, माझ्या चुकलेल्या संख्येचा २. अकराने भागतानाही २१४७४८३६४८ ची बाकी २ च उरते, त्यामुळे भागाकार दुप्पट करून मिळवायचा नियम दोन्ही ताळ्यांना तोच. हा योगायोग नाही. आपल्या संख्येतून १ वजा करून अवयव पाडले तर २, ३ चा वर्ग, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ येतात. नऊ आणि अकरा दोन्ही त्यात आहेत. पान उलटल्यावर संख्या उतरवून घेतली की आधी दोन्ही ताळे काढायचे, ते मागच्या पानाशी जुळले तरच पेन पुढे चालवायचे, हा नियम केला आणि एकदाही मोडला नाही.

आठवी पायरी या वेळी ८४२०१४२७६. नववी १२६९२४२६, आठच आकडे, त्यामुळे दहाव्या पायरीचा वर्ग लवकर आटोपला. मधल्या पायऱ्यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. संख्यांमध्ये कसलाही क्रम दिसत नाही, वाढत नाहीत, घटत नाहीत. बाविसाव्या पायरीला २७२२०५९४ आली, पुन्हा आठ आकडी, आणि नंतर परत दहावर गेल्या.

या दिवसांतच मी या कसोटीची सिद्धता नीट वाचली. ४, १४, १९४ या संख्यांच्या मागे २ अधिक ३ चे वर्गमूळ ही संख्या असते. प्रत्येक पायरीला तिचा घात दुप्पट होतो, आणि तो घात व त्याचा व्यस्त यांची बेरीज आपल्याला दिसते. एकोणतिसावी बेरीज शून्य झाली तर त्याचा अर्थ असा, की या संख्येला पुन्हा १ वर यायला नेमके २ च्या ३१ व्या घाताएवढे गुणाकार लागतात, एकही कमी चालत नाही. आता समजा ४६३४० च्या आत एखादा मूळ विभाजक असता. त्याच्या जगात अशा प्रकारच्या संख्याच त्या विभाजकाच्या वर्गाहून कमी, म्हणजे २ च्या ३१ व्या घाताहून कमी. एवढी लांब फेरी मारायला तिथे जागाच नाही. म्हणून विभाजक नाही. हे कळल्यावर पुढच्या पायऱ्या करताना मला त्या नुसत्या बाक्या वाटेनाशा झाल्या. कोणीतरी दूरवर फेरी घेत आहे आणि मी प्रत्येक वळणावर त्याची एक खूण टिपून घेते आहे, असे वाटे.

सत्ताविसावी पायरी: ११८१५३६७०८. दोन्ही ताळे जुळले. अठ्ठाविसावीसाठी वर्ग उणे २ केला: १३९६०२८९९२३५१४७७२६२. पाढ्याचे पान शेजारी उघडे. भागाकार ६५००७६६५७, बाकी १४९७४७२५२६. बेरीज करताना एककापासून सुरू केले. सात आणि सहा तेरा, तिनाला एक हातचा. पाच, दोन आणि हातचा एक, आठ. सहा आणि पाच अकरा, एकाला एक हातचा. सहा, दोन आणि एक, नऊ. डावीकडे सरकत गेले आणि ओळ पुरी झाली: २१४७५४९१८३. पहिले चार अंक आपल्या संख्येचेच होते. वजाबाकी करायच्या आधीच मला कळले, तरी एकेक अंक उतरवून केली. ६५५३६.

एकोणतिसावी पायरी तोंडीही झाली असती, पण ती मी इतर पायऱ्यांसारखीच नव्या पानावर लिहिली. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. उणे २, ४२९४९६७२९४. भागाकार १, बाकी २१४७४८३६४६. बेरीज २१४७४८३६४७. त्यातून २१४७४८३६४७ वजा केले आणि खालच्या रिकाम्या चौकटीत एक शून्य लिहिले.